नदीच्या पाण्यात शिसं, कॅडमियम आहे का कसं कळणार?

काठावरचा: पाणी दिसायला एकदम नितळ आहे, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) रीडिंग पण कमीच येतंय, मग जड धातू नसतीलच ना? की टेस्ट करावीच लागेल?

लॅबवाली: टीडीएस मीटर विसरा हो. तो मिलिग्रॅममध्ये मोजतो आणि शिशाची डब्ल्यूएचओची मर्यादा आहे लिटरला 10 मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग), कॅडमियमची तर 3, तेवढ्यानं आकडा हलणारच नाही. आयसीपी-एमएस, म्हणजे अगदी सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणारं यंत्र, असलेल्या लॅबला सॅम्पल द्या. विरघळलेला धातू मोजायचाय तर सॅम्पल आधी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, मगच नायट्रिक अ‍ॅसिड घालून पीएच 2 च्या खाली आणायचा, उलट केलंत तर कणांना चिकटलेला धातू पण पाण्यात उतरतो आणि रिझल्ट फुगतो.

गाळोबा: नुसतं पाणी तपासून काय होतंय, खरा माल तळाच्या गाळात असतो! तळाशी ऑक्सिजन संपला की लोह-मँगनीजचे ऑक्साइड विरघळतात आणि त्यांना धरून बसलेलं आर्सेनिक परत पाण्यात येतं. गाळाचं सॅम्पल पण घ्याच.

काठावरचा: आणि उकळून प्यायलं तर?

लॅबवाली: जंतू मरतात, धातू कुठं जातोय? पाणी आटलं की उलट प्रमाण थोडं वाढतंच.