शब्दचर्चा : धर्माला कायद्यात सूट, सवलत, मुभा की मान?
(बोलणारे सगळे सोलापूरचे; नावाच्या जागी त्यांच्या भागाचं नाव.)

बाळीवेस : कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेचा विषय फलकावर लिहायचाय. 'कायद्याने धर्माला विशेष वागणूक द्यावी का?' असं हातात आलंय. मला ते खटकतंय. मराठीत 'विशेष वागणूक' म्हटलं की एकतर जावयाची बडदास्त डोळ्यांपुढे येते, नाहीतर कुणाला तरी बाजूला बसवलंय असं वाटतं. सूट, सवलत, मुभा, मान. यातला नेमका कुठला?

होटगी रोड : सवलत लिहा मालक. शेंबड्या पोरालाही कळतं.

जुळे सोलापूर : कळतं, पण भलतंच कळतं. सवलत म्हणजे एखाद्याचं काम सोपं करून द्यायचं आणि त्याचा भार दुसऱ्या कुणी सोसायचा. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. उरलेलं अर्धं सरकार भरतं, म्हणून ती सवलत. (योजनेचं नाव मात्र 'महिला सन्मान'. सरकारलाही 'सवलत' म्हणायची लाज वाटते.)

सूट निराळी. सगळ्यांवर जे बंधन आहे त्यातून काहींना वगळायचं, ती सूट. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं केलंय, पण पगडी बांधलेल्या शीख माणसाला नाही. इथे 'सवलत' म्हणाल तर अर्थ पातळ होतो.

मुभा तिसरीच. ना सक्ती, ना बंदी. हा शब्द अरबी 'मुबाह'वरून आलाय, आणि 'मुबाह' हा मूळचा इस्लामी धर्मशास्त्रातलाच शब्द. जी गोष्ट केली काय, न केली काय, पुण्यही नाही आणि पापही नाही, ती मुबाह. म्हणजे धर्म जिथे हात घालत नाही ती जागा. आता आपण तोच शब्द, कायदा जिथे हात घालत नाही त्या जागेला वापरतो. वारीला जा, नका जाऊ, कायदा विचारत नाही. ती मुभा.

अशोक चौक : मग मिरवणुकीतला आवाज कशात बसवायचा?

जुळे सोलापूर : 'सूट' या शब्दात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा बंद. पण राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ती वेळ रात्री १२ पर्यंत नेऊ शकतं. नियमात शब्द आहेत 'सांस्कृतिक किंवा धार्मिक' प्रसंग. तो 'किंवा' बघा. धर्माला एकट्याला काहीच दिलेलं नाही, गाण्याच्या जलशालाही तेच लागू. माझ्या मते कायदा असाच लिहावा. आणि सूट वेळेपुरती आहे. दहाच्या आधीसुद्धा रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलच.

अशोक चौक : आमच्या गल्लीत याला सूट कुणी म्हणत नाही हो. मिरवणुकीतली भोंग्यांची गाडी दारात आली की खिडकीची तावदानं थरथरतात, कपाटातले पेले वाजायला लागतात. शेजारच्या आजींना आत न्यावं लागतं. 'जरा कमी करा की' म्हणायला गेलं की उत्तर एकच, 'आमचा मान हाय.' असं हरेक मिरवणुकीत ऐकलंय, कुठल्या एका जातीधर्माची तक्रार नाही.

जुळे सोलापूर : सगळा घोळ इथेच आहे. मान कायदा देत नाही, माणसं देतात. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, प्रत्येकाचे मानकरी ठरलेले. बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घालून माणसं ती काठी पेलतात, तोल जाऊ नये म्हणून भोवतीची माणसं जीव मुठीत धरून चालतात. तिथे शहर आपणहून वाट करून देतं. तो मान. कायद्याने दिलेल्या सुटीला मान म्हटलं की ती मागता येत नाही, मोजता येत नाही आणि परत घेताही येत नाही. सूट मात्र कारण दाखवून द्यावी लागते, कारण संपलं की काढूनही घेता येते.

विजापूर वेस : थांबा. मान कायद्याच्या बाहेर असतो हे काही पटत नाही. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला विठ्ठल-रुक्मिणी मंदिरात बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे पिढीजात हक्क होते. १९७३ च्या कायद्याने ते संपवले, कज्जा चालला तो थेट २०१४ पर्यंत, आणि सर्वोच्च न्यायालयातही निकाल कायद्याच्याच बाजूने लागला. आणि आषाढीची शासकीय महापूजा? मुख्यमंत्री पूजेला बसतात, शेजारी रांगेतून निवडलेलं 'मानाचं' वारकरी दांपत्य. त्यांना वर्षभराचा एसटीचा मोफत पास मिळतो. मान आणि सवलत एका ताटात!

जुळे सोलापूर : पंढरपूरचं खरं आहे. पण तिथे कायद्याने हात घातला तो उत्पन्नाला आणि व्यवस्थापनाला. तो हक्क होता, मान हे त्याचं गोड नाव. महापूजेचं म्हणाल तर माझी पूर्ण हरकत आहे. मुख्यमंत्र्याने स्वतः पूजा करावी, ती त्याची मुभा. 'शासकीय' हे विशेषण लागलं की पूजा शासनाची होते.

होटगी रोड : आषाढीत हे बोलून दाखवा पंढरपुरात.

बाळीवेस : म्हणजे 'कायद्याने धर्माला सूट द्यावी का?' लिहू?

सात रस्ता : 'धर्माला' पण काढा. संविधानाच्या कलम २५ मध्ये हक्क धर्माला दिलेला नाही, सर्व व्यक्तींना दिलाय. आणि आधी शब्द आहेत 'सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य', धर्म त्याच्यानंतर येतो. तोही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीनतेने. 'श्रद्धेच्या कारणाने व्यक्तीला कायद्यातून सूट मिळावी का?' असं लिहा.

जुळे सोलापूर : 'श्रद्धे'ने नास्तिक बाहेर पडतो. सदसद्विवेकबुद्धी त्यालाही आहे.

बाळीवेस : 'सदसद्विवेकबुद्धी' फलकावर एका ओळीत मावत नाही. 'श्रद्धा' ठेवतो, नास्तिकाच्या बाजूने बोलणारा तो मुद्दा पहिल्याच मिनिटाला काढेल.