मदत हवी आहे: नव्या टीव्हीवर सिनेमा सिरियलसारखा दिसतो

राजेहो, मागच्या आठवड्यात नागपूरच्या बर्डीवरून ५५ इंची टीव्ही आणला. क्रिकेट झकास दिसते, पण सिनेमा लावला की सिरियल पाहतोय असं वाटते. मेकअप उघडा पडतो, सेट खोटा वाटतो, सारं कसं गुळगुळीत! सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा (म्हणजे २४ चित्रांचा) आणि मधल्या फ्रेम टीव्ही स्वतःच बनवून घुसवतो, एवढं समजलं. २०१२ मध्ये ‘हॉबिट’ सिनेमा सेकंदाला ४८ फ्रेमने आला तेव्हाही अशीच कुरकुर झाली होती. पण त्या फ्रेम निदान खऱ्या तरी होत्या!

मधल्या फ्रेम घुसवणारी ही सोय, म्हणजे मोशन स्मूदिंग, पूर्ण बंद केली, तर कॅमेरा आडवा फिरताना चित्र झटके खाते. आई म्हणते, जुनाच बरा होता. पॅनेल ६० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करणारं आहे, त्यात २४ नीट बसत नाही म्हणून का? डी-जडर (झटके कमी करायची सेटिंग) दोन-तीनवर ठेवून कोणी पाहिलं काय?