सिक्स मॅक्स पोकरला (सहा जणांचं टेबल) सतत रेज करणाऱ्यापुढे (बेट वाढवणाऱ्यापुढे) कसं खेळायचं? सल्ला हवाय

जर्सीकर:
नमस्कार मंडळी. मी एडिसनला असतो, न्यू जर्सीत २०१३ पासून ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे, त्यामुळे रात्री मुलं झोपली की तासभर पाच-दहा सेंटच्या टेबलवर बसतो. आधी मित्रांकडे नऊ जणांत खेळायचो तेव्हा चांगले पत्ते येईपर्यंत गप्प बसलं तरी चालायचं, इथे सहा जणांत ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच आळीपाळीने लावावे लागणारे पैसे) इतके भराभर फिरून येतात की वाट बघत बसलो तर स्टॅक (समोरचे पैसे) झिजूनच जातो. आणि त्यात एक जण रोज भेटतो, मी रेज केलं की हा त्यावर आणखी वाढवून री-रेज करणारच. कालचा हात सांगतो, दोघांकडे १०-१० डॉलर. मी कटऑफला (बटनच्या आधीची जागा) राजा-राणी घेऊन २५ सेंट केले, त्याने बटनवरून (फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी खेळणारी जागा) ८० केले, मी कॉल (तेवढेच लावले), बाकी सगळे बाहेर, पॉट (मधे जमलेले पैसे) १.७५. फ्लॉप (टेबलावर उघडलेले पहिले तीन पत्ते) राणी, सत्ती, तिर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांचे. मी चेक (काही न लावता पुढे), त्याने ६० सेंट, कॉल. टर्नला (चौथा पत्ता) दुर्री, त्याने २ डॉलर, कॉल. रिव्हरला (शेवटचा पत्ता) नव्वी आली आणि त्याने उरलेले ६.६० सगळे पुढे ढकलले. मी बराच वेळ विचार करून सोडले, तर त्याने काहीच न लागलेली एक्का-पंजी उघडून दाखवली. खूप लागलं मनाला. आता मीही काहीही घेऊन उलटं रेज करत सुटू, का फक्त मोठ्या जोड्यांचीच वाट बघू?

पुणेरी_पत्ते:
पहिली गोष्ट, जागा बदला. तो बटनवर आणि तुम्ही कटऑफला म्हणजे तो तुमच्या डाव्या हाताला बसलाय, प्रत्येक वेळी तुमचं बघून मग ठरवतोय. टेबल सोडा आणि तो तुमच्या उजवीकडे येईल अशी जागा मिळेल तिथे बसा, मिळत नसेल तर दुसरं टेबल घ्या. आमच्याकडे ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालं, आम्ही आता घरी नुसत्या चिप्सवर खेळतो, पण जागेचं महत्त्व तिथेही तेवढंच.

मांडवीकाठ:
भाऊ, अशांना फोर बेटच लागतो, म्हणजे त्याच्या री-रेजवर आणखी एक रेज. मी मुंबईहून वर्षातून दोनदा पणजीला कॅसिनोच्या बोटीवर खेळायला जातो, तिथे असे लोक रोज दिसतात, उलटा मार बसला की गप होतात. त्याचे ८० आले की तुम्ही २ डॉलर करा. फक्त हात नीट निवडा, एक्का-पंजी सूटेडसारखा (दोन्ही एकाच रंगाचे), तुमच्याकडे एक एक्का असला की त्याच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता निम्मी होते.

गणितमास्तर:
मांडवीकाठ, हे जो फोर बेटला सोडतो त्याच्यापुढे चालतं. जो सोडतच नाही त्याच्यापुढे तुम्ही वाईट पत्ते घेऊन मोठा पॉट बनवताय. आधी तो कुठल्या जातीचा आक्रमक आहे ते बघायला हवं. शंभरातले पन्नास हात खेळणारा वेगळा आणि पंचवीसच खेळून त्यातले बहुतेक रेज करणारा वेगळा, आणि वीस-तीस हातांत हे कळत नाही, नोट्स लिहीत जा.

जर्सीकर, तुमच्या रिव्हरचा हिशोब मांडतो. ६.६० टाकून २०.१५ चा पॉट मिळणार, म्हणजे साधारण तीनात एकदा जिंकलात तरी बरोबरी. आता तुम्हाला हरवणारे हात मोजा: एक्का-राणी ८ प्रकारे (चार एक्के, उरलेल्या दोन राण्या), एक्क्यांची जोडी ६, राजाची ३ कारण एक राजा तुमच्याकडे, राणीची १, सत्तीची ३, नव्वीची ३. झाले २४. आणि न लागलेले, सगळे सूटेड: एक्का-पंजी ४, एक्का-चौकी ४, छक्की-पंजी ४, गुलाम-दश्शी ४. झाले १६. चाळीसात सोळा म्हणजे ४० टक्के, लागत होते ३३. कॉल होता. पण हे तो सगळेच ब्लफ, म्हणजे हे न लागलेले हात, शेवटपर्यंत लावतो असं धरून. एखादा सावध खेळाडू यातले निम्मेच लावेल, मग ८ विरुद्ध २४, चारात एकदा, तिथे सोडलंत तेच बरोबर. त्याच पत्त्यांचं उत्तर माणूस बदलला की बदलतं, म्हणून मी नोट्स नोट्स करतोय.

ओवी_लंडन:
मास्तरांशी सहमत, आणि एक भर घालते. दादा, तुम्ही फ्लॉपला आणि टर्नला रेज केलं नाहीत ते फार छान केलंत. मी आधी अशा लोकांसमोर टॉप पेअर (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जोडी) लागली की लगेच चेक-रेज (आधी चेक, मग त्याच्या बेटवर रेज) करायची, मग ते एक्का-पंजी टाकून द्यायचे आणि एक्का-राणीवाला तेवढा थांबायचा, म्हणजे मीच जिंकायचे हात पळवून लावत होते. कोरड्या बोर्डवर (टेबलावरचे पत्ते सलग किंवा एका रंगाचे जुळत नसतील तिथे), तुमच्यासारख्या, त्याला लावू द्या. बोर्ड ओला असेल, दोन बदाम आणि गुलाम-दश्शी वगैरे, तर मात्र सेट (एकाच आकड्याचे तीन पत्ते) किंवा दोन जोड्यांवर लगेच रेज करा, फुकटात पुढचा पत्ता देऊ नका.

अजून एक, हा माणूस स्वतःहून बेट लावतो तेव्हा त्यात ब्लफ भरपूर असतात, पण तुम्ही रिव्हरला बेट लावलीत आणि त्याने त्यावर रेज केलं तर छोट्या स्टेक्सवर ते बहुतेक वेळा खरंच असतं. तिथे एक जोडी घेऊन कॉल करत बसू नका. आणि दोन बाय-इन (टेबलवर बसताना आणलेली रक्कम) गेले की मी उठते, कारण त्यानंतर मी त्याच्या पत्त्यांशी नाही, त्याच्या नावाशी खेळत असते.

मांडवीकाठ:
मान्य. बोटीवर समोरचा दिसतो, ऑनलाइनला नोट्सशिवाय पर्याय नाही. पण बटनवर तुम्ही असाल आणि तो ब्लाइंडमधून थ्री बेट (री-रेज) करत असेल, तर सूटेड पत्ते घेऊन कॉल करून फ्लॉप बघा, पोझिशन तुमची आहे, तुम्ही त्याच्यानंतर खेळता.

जर्सीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, मास्तरांचा हिशोब वहीत उतरवून घेतला. आज जागा बदलूनच बसतो. एकच शंका, रिव्हरला नव्वीऐवजी चौकी आली असती आणि त्याने असेच सगळे लावले असते तर?

गणितमास्तर:
मग सोडा. दुर्री, तिर्री, चौकी आली की एक्का-पंजीची स्ट्रेट (सलग पाच पत्ते) लागली, छक्की-पंजीचीही लागली, एक्का-चौकीला जोडी मिळाली म्हणून तो बहुधा चेक करेल. तुम्ही ज्यांना हरवत होतात त्यातली फक्त गुलाम-दश्शी उरली, ४ प्रकारे. नव्वीचे ३ कमी होऊन स्ट्रेटचे ८ वाढले, म्हणजे समोर २९.