मदत हवी आहे: वडिलांच्या सायकलचा रंग खरवडला, आणि रात्रीत फ्रेम नारिंगी झाली

नमस्कार मंडळी. वडिलांची जुनी सायकल रंगवायला काढली आहे. पोलादी फ्रेम, नळ्यांच्या सांध्यांवर लग (नळ्यांची टोकं ज्यात बसतात ती पोलादी खोबण) असलेली. वडील आता ती चालवत नाहीत, पण दर तासाला येऊन मी तिची काय वाट लावतोय ते बघून जातात.

आतापर्यंतची प्रगती सांगतो. चाकं, हँडल, चिमटा, क्रँक सगळं उतरवलं. बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे पेडलचा आस फ्रेममध्ये फिरतो तिथला, चेनच्या बाजूचा आट्यांचा कप तेवढा हलत नाही. मग रंग काढायचं जेल लावलं. वीसेक मिनिटांत रंग भाजलेल्या पापडासारखा फुगला. खरवडताना आधी काळा थर निघाला, त्याखाली हिरवा, त्याखाली विटकरी प्रायमर. हिरवा दिसला तसे वडील म्हणाले, "अरे, ही हिरवीच होती की! काळा मी नंतर मारला, ब्रशने." मारलाय कसा तेही दिसत होतं. एका ओघळात ब्रशचा केस अजून अडकलेला होता.

नंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२० चा. संध्याकाळपर्यंत फ्रेम चांदीसारखी लखलखत होती. नळाखाली स्वच्छ धुतली, टॉवेलने पुसली आणि समाधानाने झोपलो. सकाळी उठून बघतो तर अख्ख्या फ्रेमवर नारिंगी भुकटी. बोट फिरवलं तर बोट नारिंगी.

आता अडलेल्या गोष्टी. हा गंज काढायला परत सगळं घासायचं का? प्रायमर कुठला? बॉटम ब्रॅकेटच्या खालच्या अंगाला नख अडकेल एवढे गंजाचे खड्डे आहेत, ते कशाने भरू? आणि सगळ्यात जास्त धास्ती याची: सीटखालच्या उभ्या नळीवर, लगच्या कडेला, अर्ध्या बोटाएवढी बारीक काळी रेघ दिसतेय. रंगाखाली ती कधी दिसली नव्हती. तडा असेल का? जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद १

नारिंगी भुकटीला घाबरू नका, हा वरवरचा गंज आहे. उघडं पोलाद, पाणी आणि दमट हवा एकत्र आली की काही तासांत येतो. १८० किंवा २२० चा पेपर हलक्या हाताने फिरवा, सगळा निघेल. जेलच्या डब्यावर पाण्याने धुवायला सांगितलं असेल तर धुणं चूक नाही, धुऊन झोपणं चूक. धुतल्याबरोबर कोरडं पुसायचं, हेअर ड्रायरने नळ्या कोमट करायच्या आणि सांध्यांच्या सांदीतलं पाणी घालवायचं. नळ्यांना बारीक भोकं असतात, त्यांतून पाणी आत गेलेलं असतं. फ्रेम चारही बाजूंनी उलटी-पालटी करून ते बाहेर काढा.

यापुढे हातमोजे घाला. घामाचे हात लागले तिथे दोन दिवसांत बोटांचे ठसे गंजून उमटतात. आणि ज्या दिवशी शेवटचं घासाल, त्याच दिवशी प्रायमर. "उद्या मारू" हे या कामात चालत नाही.

प्रतिसाद २

एवढा खटाटोप कशाला? सँडब्लास्ट करून पावडर कोटिंगला द्या, म्हणजे रंगाची पूड फवारून भट्टीत भाजतात. भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते, आणि पितळेने केलेलं ब्रेझिंग (नळ्यांच्या सांध्यात वितळवून भरलेलं पितळ) वितळायला ९०० च्या आसपास लागतात, म्हणजे सांध्यांना धोका नाही. फक्त दोन गोष्टी बजावून सांगा: आट्यांवर आणि हेडसेटचे (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचे) कप बसतात त्या जागेवर पावडर नको, आणि ब्लास्टिंग बारीक वाळूने, कमी दाबाने. खड्ड्यांत साधी लांबी (पुट्टी) भरून देऊ नका, ती भट्टीत टिकत नाही.

धागाकर्ता

सल्ला पटतो, पण घरीच करायचं आहे. फ्रेम बाहेर गेली तर वडिलांनी दर तासाला बघायचं काय? शिवाय ती रेघ काय आहे ते कळल्याशिवाय कुठलाच रंग नको.

प्रतिसाद ३

अँगल ग्राइंडरला वायर व्हील लावा, दहा मिनिटांत सगळं साफ.

प्रतिसाद ४

वरच्या प्रतिसादकांना हात जोडून विनंती, असे सल्ले नका देऊ हो. चांगल्या हलक्या फ्रेमच्या नळ्या मधल्या भागात जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असतात. ग्राइंडिंगची चकती एका जागी क्षणभर जास्त टेकली की तेवढ्यात नळीला खाच पडते. साध्या फ्रेमच्या नळ्या जाड असतात, तिथे वायर व्हील एकवेळ खपतं, पण सुटलेली तार डोळ्यात जाते ती जातेच. लगच्या नक्षीत तर हातानेच घासायचं. पेपरची चिंधीसारखी पट्टी फाडायची, नळीभोवती गुंडाळायची आणि बूट पॉलिश करताना फडका ओढतात तशी दोन्ही हातांनी ओढायची.

प्रतिसाद ५

रेघेबद्दल लिहितो, कारण या धाग्यात महत्त्वाचं तेच आहे.

आधी रेघ कुठून कुठे जाते ते भिंग घेऊन बघा. लगच्या कडेला बिलगून, तिच्याच वळणाने जात असेल तर ती बहुधा सांध्याचीच कड आहे, किंवा ब्रेझिंग तेवढ्या जागी नीट भरलेलं नाही. कड सोडून नळीवर आडवी निघाली असेल तर मात्र संशय घ्या. नळीचे तडे बहुतेक लगच्या किंवा वेल्डच्या शेजारीच सुरू होतात, कारण ताण तिथे एकवटतो.

आता खडूची परीक्षा. ती जागा थिनरने पुसून कोरडी करा. कापसाने केरोसीन लावा आणि पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा, ओल अजिबात राहता कामा नये. वरून पांढऱ्या खडूची पूड चोळा आणि थांबा. फट असेल तर आत शिरलेलं केरोसीन हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. नुसता ओरखडा असेल तर खडू कोरडाच राहतो. चुंबकीय तपासणी येण्याआधी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये डब्यांचे आस तेल आणि खडू वापरून असेच तपासत.

लगच्या कडेला ओल उमटली तरी लगेच हाय खाऊ नका, झाळ कमी पडलेल्या फटीतूनही ती येते. नळीवर, कडेपासून दूर उमटली तर ती फ्रेम रंगवायची नाही. आधी ब्रेझिंग करणाऱ्या कारागिराला दाखवायची. तड्यावर लांबी भरून वर रंग मारणं म्हणजे स्वतःलाच फसवणं, आणि ते पडल्यावर कळतं.

परीक्षा झाल्यावर केरोसीन थिनरने दोनदा पुसा. अंश राहिला तर रंग तिथे माशाच्या डोळ्यांसारखा गोल गोल फाटतो.

प्रतिसाद ६

कपाबद्दल कुणीच बोललं नाही. ब्रिटिश आट्यांची फ्रेम असेल तर चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. तुम्ही बहुतेक गेले दोन दिवस तो आवळताय. :)

प्रतिसाद ७

जेल कुठलं आहे ते डब्यावर वाचा. त्यात मिथिलीन क्लोराइड असेल तर बंद खोलीत किंवा न्हाणीघरात अजिबात वापरू नका. त्याच्या वाफेने बंद जागेत माणसं दगावली आहेत, आणि अमेरिकेत २०१९ पासून घरगुती गिऱ्हाइकाला असं स्ट्रिपर विकायला बंदी आहे. साधा धुळीचा मास्क वाफेला काही अडवत नाही. बेंझिल अल्कोहोलवालं जेल सावकाश काम करतं, पण बरं. आणि जुन्या रंगात, विशेषतः विटकरी-नारिंगी प्रायमरमध्ये, शिसं असू शकतं. म्हणून राहिलेला रंग कोरडा घासू नका, वॉटर पेपर ओला करून घासा, आणि खरवडलेलं सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

प्रतिसाद ८

प्रायमर आणि खड्डे यांबद्दल.

खड्ड्यांच्या तळाशी काळपट गंज राहिलेला असतो, तो पेपरने निघत नाही. लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम घ्या. त्यात भिजवलेला फडका खड्ड्यांवर गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधा. दोन-तीन तासांनी सोडून घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा. फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टरही चालतं, गंज काळा पडून घट्ट बसतो. पण अ‍ॅसिड नळ्यांच्या आत जाऊ देऊ नका, तिथून ते धुऊन काढता येत नाही.

प्रायमर दोन पद्धतीचे. इच प्रायमर पातळ असतो, त्यातलं सौम्य अ‍ॅसिड धातूला धरतं. एपॉक्सी प्रायमर दोन भाग मिसळून करायचा, ओलावा अडवण्यात तो फार सरस. मी एपॉक्सी थेट धातूवर मारतो. इचवर एपॉक्सी मारू नका, बहुतेक कंपन्याच तसं सांगतात. दोन्ही नको असतील तर रेड ऑक्साइड आहेच, आपल्या आजोबांच्या काळापासून चालत आलेलं, पण त्यावर ड्युकोसारखा कडक थिनरचा रंग मारला तर खालचा थर उचलून सुरकुत्या पडू शकतात. लांबी प्रायमरवर, पातळ थरांत भरायची. मधे वाळू द्यायची, मग ३२०, मग ४०० वॉटर पेपर.

स्प्रेच्या डब्याचं एवढंच: गोळी खुळखुळायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवा. अंतर वीत-दीड वीत. हात नळीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. सांध्यांच्या खालच्या बाजू आधी, मोठ्या नळ्या शेवटी. पहिल्या हातात खालचं प्रायमर दिसायलाच हवं. एका हातात झाकायला गेलात की ओघळ आलाच. दोन हातांत किती वेळ ठेवायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं. "एका तासाच्या आत, नाहीतर ४८ तासांनी" असं असेल तर मधल्या वेळेत मोह झाला तरी हात लावू नका. मी एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी मारला होता, दुधावर साय धरावी तसा रंग गोळा झाला. पाऊस पडत असताना तर डबा उघडूच नका, लॅकरवर पांढरी झाक येते.

आट्यांना, हेडसेटच्या जागेला आणि सीटची नळी जिथे शिरते तिथे मास्किंग टेप. चिमट्याच्या टोकांना क्रोम असेल तर त्यावर रंग धरत नाही, तो तसाच ठेवा. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की क्रोमवरचा गंज जातो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद ६ ला साष्टांग नमस्कार, मी खरोखरच कप आवळत होतो. उलटा फिरवल्यावर कुरकुरत सुटला, आतून काळं ग्रीस आणि अकरा छर्रे निघाले.

खडूची परीक्षा केली. वीस मिनिटं मी आणि वडील टॉर्च घेऊन त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत बसलो होतो. खडू कोरडाच राहिला. मग जुन्या टूथब्रशने ती काळी रेघ घासली, तर आतून सोनेरी चमकली! लगच्या कडेने नेमकी, केसाएवढी. कचरा बसून काळी पडली होती, एवढंच. हे पितळच ना?

प्रतिसाद ५

पितळच. ब्रेझिंग करताना ते वितळून फटीत शिरतं आणि कडेला असं डोकावतं. ती रेघ लगभोवती अखंड फिरलेली असेल तर कारागिराचा हात चांगला होता म्हणायचं. निर्धास्त प्रायमर मारा.

प्रतिसाद १

नळ्यांच्या आतली बाजू विसरू नका. उकळलेलं अळशीचं तेल भोकांतून आत सोडा, फ्रेम फिरवून सगळीकडे पसरवा आणि जास्तीचं गळू द्या. पण हे रंग पक्का वाळल्यावरच, नाहीतर तेल भोकांतून झिरपून रंग बिघडवतं. आणि तेल पुसलेले फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं, चोळामोळा केलेले फडके आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर सुटे पसरून वाळवा.

धागाकर्ता

एपॉक्सी मारून झालं, फ्रेम राखाडी होऊन दोरीला लटकतेय. रंग हिरवाच ठरला, वडिलांनी जुन्या रंगाच्या एका टिकलीवरून तीन छटा नाकारल्या. आता त्यांना मडगार्डवर आणि नळ्यांवर पूर्वीसारख्या सोनेरी रेघाही हव्या आहेत. आणि त्या ते स्वतःच्या हाताने ओढणार आहेत! त्या क्लिअर कोटच्या (वरच्या पारदर्शक थराच्या) खाली ओढायच्या की वर?

प्रतिसाद ८

खाली. पण इनॅमलच्या रेघेवर तुमचा क्लिअर चढला की ती पसरते का, हे आधी पत्र्याच्या एखाद्या तुकड्यावर करून बघा. रेघ पूर्ण वाळू द्या, क्लिअरचा पहिला हात अगदी धुक्यासारखा. दोन भाग मिसळायचा क्लिअर घेणार असाल तर त्यात आयसोसायनेट असतं, तो साध्या मास्कवर घरी मारायचा नाही. एकभागी घ्या. रेघेसाठी लांब केसांचा बारीक ब्रश, आणि करंगळी नळीवर टेकवून हात ओढायचा. वडिलांना आधी त्या पत्र्यावरच सराव करू द्या.

धागाकर्ता

ओघळातला तो ब्रशचा केस दाखवून तसं सुचवून पाहिलं. उत्तर आलं, "तू तुझा कप बघ."