पायथन ३.९ चा सपोर्ट संपला, मराठीतल्या जुन्या ट्युटोरियल्सचं काय करायचं?

पायथनवही

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं मराठीतून पायथन शिकवणारे लेख लिहितोय, इन्स्टॉल कसं करायचं इथपासून लूप, फंक्शन, फाईल वाचणं, क्लास आणि शेवटी थोडं पांडाज (तक्त्यातला डेटा हाताळायची लायब्ररी), असे पन्नासेक लेख असतील, काहींचे व्हिडिओपण आहेत. जवळजवळ सगळं ३.७ ते ३.९ च्या काळात लिहिलेलं आहे. ३.८ ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, ३.९ ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे आता सिक्युरिटी फिक्ससुद्धा येणार नाहीत.

खरा त्रास वेगळाच आहे. "तुम्ही लिहिलंय तसंच टाईप केलं तरी एरर येतोय" अशा कमेंट वाढल्यात. त्यातली बरीच मुलं पहिल्यांदाच प्रोग्रॅमिंग करतायत, इंग्रजी पुस्तक झेपत नाही म्हणून मराठीत शोधत आलेली असतात, त्यांना वाटतं चूक आपलीच, आणि तिथेच सोडून देतात. हे मला अजिबात नको आहे.

तर विचारायचं असं की सगळं नव्याने लिहू का? जुने लेख काढून टाकू का? की जुने तसेच ठेवून नवीन मालिका सुरू करू? आणि पायथनचं नवीन व्हर्जन दर ऑक्टोबरला येतं, मग दरवर्षी हेच करत बसायचं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.

---

घाटमाथा

दादा, आधी एक गोष्ट. व्हर्जनचा सपोर्ट संपला म्हणजे लेख चुकीचा झाला असं अजिबात नाही. पायथन २ ची गोष्ट वेगळी होती, तिथे पहिल्या ओळीतलं प्रिंटच मोडायचं, आणि तरी लोकांना केवढा वेळ दिला बघा, ३.० डिसेंबर २००८ ला आलं, २.७ आधी २०१५ ला बंद व्हायचं होतं ते पुढे ढकलून १ जानेवारी २०२० केलं, शेवटचं २.७.१८ एप्रिल २०२० मध्ये आलं. तुमचं ३.९ ते ३.१४ हे अंतर तसं नाहीये. लूप, इफ, लिस्ट, फंक्शन यातलं काहीही बदललेलं नाही, त्या लेखांना हातसुद्धा लावू नका.

माझ्या अनुभवात मोडतं ते तीन ठिकाणी. पहिलं इन्स्टॉलेशन, आणि नवशिके सगळ्यात जास्त इथेच अडकतात. उबुंटू २४.०४ किंवा डेबियन १२ वर कुणी तुमच्या लेखातलं "पिप इन्स्टॉल पांडाज" (पिप म्हणजे पायथनच्या लायब्ररी टाकणारं टूल) टाकलं की "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" असा लांबलचक एरर येतो आणि काहीच इन्स्टॉल होत नाही. याचा पायथन बंद होण्याशी थेट संबंध नाही, सिस्टीमच्या पायथनमध्ये ढवळाढवळ होऊ नये म्हणून डिस्ट्रोवाल्यांनी, म्हणजे उबुंटू-डेबियन बनवणाऱ्यांनी, ते कुलूप लावलंय. मग पोरं नेटवर शोधतात, कुणीतरी "ब्रेक सिस्टीम पॅकेजेस" वाला फ्लॅग सुचवतो, ते टाकतात, आणि पुढे भलतंच काहीतरी बिघडतं. म्हणून वेनव्ह, म्हणजे सिस्टीमच्या पायथनला हात न लावता लायब्ररी टाकायची वेगळी जागा, आता पहिल्याच धड्यात यायला हवं, शेवटच्या "प्रगत" भागात नाही. आणि उबुंटूवर वेनव्हचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं हेही तिथेच लिहा, नाहीतर पुढच्याच पायरीला परत एरर.

दुसरं, स्टँडर्ड लायब्ररीतून काढलेल्या गोष्टी. ३.१२ मध्ये डिस्टयूटिल्स आणि इम्प गेले, ३.१३ मध्ये सीजीआय, टेलनेटलिब, क्रिप्ट धरून एकदम १९ मॉड्यूल गेले. तुमच्या लेखात यातलं काही इम्पोर्ट केलंय का एवढं शोधलं की झालं, अर्ध्या तासाचं काम.

तिसरं बाहेरच्या लायब्ररी, आणि इथे तर पायथनचं व्हर्जन बघून काही कळतच नाही. पांडाज २.० एप्रिल २०२३ मध्ये आलं आणि डेटाफ्रेमला (पांडाजमधला तक्ता) ओळी जोडणारं अपेंड काढून टाकलं, त्याऐवजी कॉनकॅट वापरावं लागतं. आता पांडाज २.० हे पायथन ३.८ वरपण चालतं, म्हणजे तुमच्या लेखात लिहिलंय तेच जुनं पायथन घेतलं तरी ताजं पांडाज टाकल्यावर तुमचा कोड पडणार. म्हणून लेखाच्या वर नुसतं "पायथन ३.९" लिहून भागत नाही, पांडाजचं आणि नमपायचं (आकडेमोडीची लायब्ररी) व्हर्जन पण लिहा.

---

लॅबमधले_सर

मी तालुक्याच्या गावी कॉलेजमध्ये शिकवतो. एकच विनंती, जुने लेख काढू नका.

आमच्या लॅबमधल्या अर्ध्याहून जास्त मशीनवर विंडोज ७ आहे. ३.९ पासून पुढचं पायथन विंडोज ७ वर इन्स्टॉलच होत नाही, ३.८ हे शेवटचं. नवीन मशीन कधी येतील ते माझ्या हातात नाही, मुलं मात्र दरवर्षी येतात. तुमचे लेख मी वर्गात प्रिंट काढून देतो कारण ते मराठीत आहेत आणि आमच्या मशीनवर जसंच्या तसं चालतात. उद्या तुम्ही सगळे नमुने मॅच-केस आणि नवीन पद्धतीच्या एफ-स्ट्रिंग असं ३.८ नंतर आलेलं सिंटॅक्स वापरून लिहिले तर आमच्याकडे सरळ सिंटॅक्स एरर. लूप शिकवायला ३.१२ चं काही लागतं का? नाही लागत. मग जिथे गरज नाही तिथे नवीन सिंटॅक्स घालू नका एवढंच म्हणणं आहे.

---

कोकणकोडर

सर, तुमची अडचण कळते पण मला हे थोडं खटकतं. ज्याला आता कुणी सिक्युरिटी फिक्स देत नाही ते नवीन मुलाच्या घरच्या लॅपटॉपवर टाकायला सांगणं बरोबर नाही. लॅबमध्ये नाईलाज आहे ते ठीक, पण गुगलवरून थेट येणाऱ्याला हे माहीत नसतं, तो पहिला लेख उघडतो, ३.८ डाउनलोड करा असं दिसतं, तो करतो. नंतर जॉबला लागल्यावर त्याला सगळं परत शिकावं लागतं. माझं मत, मुख्य लेख नेहमी चालू व्हर्जनचाच असावा आणि जुना बाजूला, वर ठळक पट्टी लावून.

पायथनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनवर असंच केलंय. जुन्या व्हर्जनचं पान उघडलं की वर लाल पट्टी येते, याला आता सपोर्ट नाही, चालू व्हर्जनचं पान बघा, आणि तिथेच लिंक. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवाले पण तसंच करतात. पान काढत नाहीत, पण वाचणाऱ्याला अंधारातही ठेवत नाहीत.

आणि लेखाच्या पत्त्यात व्हर्जन नंबर घालू नका. मुख्य लेखाचा पत्ता कायम तोच राहू दे, आतला मजकूर बदला, जुनी प्रत "जुनं" अशा वेगळ्या पत्त्यावर हलवा. नाहीतर वर्षानुवर्षं लोकांनी दिलेल्या लिंक सगळ्या जुन्या पानावरच जात राहतात आणि नवीन लेख शोधात वर येतच नाही.

---

डेटावाली

दरवर्षी करत बसायचं का या प्रश्नाचं उत्तर देते, कारण मी आमच्या टीमच्या ट्रेनिंग मटेरियलसाठी हे काम करते.

हाताने तपासू नका. पायथनमध्ये डॉकटेस्ट आधीपासून आहे, लेखात तीन अँगल ब्रॅकेटवाल्या प्रॉम्प्टने (>>>) कोड आणि त्याखाली आउटपुट लिहिलं असेल तर डॉकटेस्ट तो कोड खरंच चालवून आउटपुट जुळतं का बघतं, आणि साध्या टेक्स्ट किंवा मार्कडाऊन फाईलवर पण चालतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, मार्कडाऊनमध्ये कोड बंद करणाऱ्या तीन बॅकटिकच्या (```) आधी एक रिकामी ओळ सोडा, नाहीतर ते बॅकटिकसुद्धा अपेक्षित आउटपुटचा भाग धरलं जातं आणि सगळेच नमुने नापास होतात, मग माणूस वैतागून सोडून देतो. हे गिटहबवर ३.८, ३.१२, ३.१४ अशा दोन-तीन व्हर्जनवर आपोआप चालायला लावा, सरांचाही प्रश्न सुटतो, कुठला लेख दोन्हीकडे चालतो आणि कुठला नाही हे यादीसकट समोर येतं.

दुसरं, वॉर्निंगला एरर बनवून चालवा, पायथन चालवताना डॅश डब्ल्यू एरर (-W error) द्या. पायथनवाले काही काढायच्या आधी साधारण किमान दोन व्हर्जन वॉर्निंग देतात, उदाहरणार्थ डेटटाईमचं यूटीसीनाऊ ३.१२ पासून डेप्रिकेटेड आहे, म्हणजे चालतं पण वापरू नका अशी वॉर्निंग येते. ते आजच दिसलं तर आज बदलता येतं, वाचकाच्या कमेंटची वाट बघावी लागत नाही.

आणि एरर न देता गुपचूप बदलणाऱ्या गोष्टी, त्या सगळ्यात वाईट. फ्लोटच्या, म्हणजे दशांश आकड्यांच्या, लेखात आपण सगळेच एक नमुना देतो, ०.१ दहा वेळा घेतलेली लिस्ट सम या बेरजेच्या फंक्शनला द्या, उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं, आणि मग समजावतो की कॉम्प्युटरमध्ये दशांश असे का साठवतात. ३.१२ पासून सम फ्लोटची बेरीज जास्त अचूक पद्धतीने करतं आणि उत्तर सरळ १.० येतं. कोड चालतो, एरर नाही, पण खालचे दोन परिच्छेद वाचून मूल चक्रावतं की इथे चुकलंय कुठे. अशावेळी परिच्छेद ठेवा, नमुना बदला. लूपमध्ये अधिक करून बेरीज केली तर जुनंच उत्तर अजूनही येतं, सगळ्या व्हर्जनमध्ये.

आपोआप कोड सुधारणारी टूल्स पण आहेत, पायअपग्रेड, रफ वगैरे, चांगली आहेत, पण ट्युटोरियलवर जपून चालवा. टूल स्ट्रिंगमधला जुना टक्केवाला (%s) फॉरमॅट बदलून टाकतं, खालचं वाक्य मात्र टक्के-एस काय करतो हेच समजावत राहतं. कोड आणि मजकूर सोबत बदलायला हवा, आणि मजकूर कुठलंच टूल वाचत नाही.

---

पायथनवही

सगळ्यांचे मनापासून आभार, डेटावाली ताईंचा सम चा मुद्दा वाचून लगेच करून बघितलं, खरंच १.० येतंय, आणि तोच नमुना माझ्या लेखात आहे.

दोन गोष्टी अजून. माझ्या "एरर कसा वाचायचा" या लेखात एररचे मेसेज जसेच्या तसे दिलेत, ते आता वेगळे दिसतायत. आणि मराठी मजकूर असलेल्या फाईल वाचण्याच्या लेखावर सगळ्यात जास्त कमेंट येतात, तिथे व्हर्जनमुळे काही बदललंय का?

---

घाटमाथा

एररचा लेख नव्यानेच लिहा, तो एकच लेख पूर्ण लिहिण्यासारखा आहे. ३.१० पासून मेसेज फार सुधारलेत. कंस बंद करायला विसरलं की पूर्वी पुढच्याच ओळीवर बोट दाखवून नुसतं "इनव्हॅलिड सिंटॅक्स" यायचं, आता कुठला कंस उघडा राहिला ते सांगतं. कोलन विसरलं तर कोलन हवा होता म्हणून सांगतं. नाव चुकीचं टाईप केलं तर "तुम्हाला हे म्हणायचं होतं का" असं विचारतं. ३.११ मध्ये ओळीतल्या नेमक्या भागाखाली खुणा येतात. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलासाठी नवीन व्हर्जन घ्यायचं माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण आहे, आणि त्या मेसेजचा मराठीत अर्थ सांगणारा लेख मला तरी अजून कुठे दिसला नाही. तुम्ही लिहाच.

मराठी मजकुराचं म्हणाल तर पायथन ३ मध्ये भाषेकडून तसा प्रॉब्लेम नाही, "मराठी" या शब्दाची लांबी ५ येते, पायथन २ मध्ये साध्या स्ट्रिंगला १५ यायची कारण ते बाइट मोजायचं. त्रास आहे तो विंडोजवर ओपन करताना. एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) दिलं नाही तर पायथन विंडोजचं स्वतःचं एन्कोडिंग धरतं आणि देवनागरीचा कचरा दिसतो किंवा युनिकोड डिकोड एरर येतो. ३.१५ पासून सगळीकडे यूटीएफ-८ हे देवनागरी चालणारं एन्कोडिंगच डिफॉल्ट होतंय, पण तोपर्यंत आणि त्यानंतरही प्रत्येक नमुन्यात एन्कोडिंग स्पष्ट लिहा, म्हणजे सरांच्या लॅबमध्येही चालेल आणि नवीन मशीनवरही.

---

कोकणकोडर

व्हिडिओचं राहिलंच. यूट्यूबवर त्याच लिंकवर व्हिडिओ बदलता येत नाही, म्हणून इन्स्टॉलचे व्हिडिओ नवीन करा आणि जुन्याच्या डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये नव्याची लिंक टाका. बाकीचे राहू द्या.

---

पायथनवही

ठरलं मग. आधी इन्स्टॉल आणि वेनव्ह, मग पांडाजचे लेख, मग एररचा लेख पूर्ण नवा. लूप-फंक्शनच्या लेखांवर फक्त "३.८ ते ३.१४ वर तपासलेलं" एवढी ओळ, तीही डॉकटेस्ट पास झाल्यावरच. सर, विंडोज ७ साठी एक वेगळं पान ठेवतो, वर पट्टी लावून, पण ते खरंच तुमच्या मशीनवर चालतंय का हे तुम्हीच सांगू शकाल.

---

लॅबमधले_सर

नक्की, ड्राफ्ट पाठवा, मुलांकडूनच करून घेतो. त्या पानावर एक गोष्ट ठळक लिहा, ३.८.१० चाच इन्स्टॉलर घ्यायचा. त्यानंतरच्या ३.८ च्या रिलीज फक्त सोर्स कोडच्या आहेत, विंडोजचा इन्स्टॉलर त्यात नाहीच, आणि मुलं सगळ्यात मोठा नंबर बघून ३.८.२० च्या पानावर जातात आणि तिथे डाउनलोड शोधत बसतात. विंडोज ७ ला सर्व्हिस पॅक १ पण लागतो, आमच्या काही मशीनवर तोच नव्हता.