मदत हवी आहे: बँडच्या गाण्यांचा पॉडकास्ट काढायचाय

नमस्कार मंडळी. आम्ही अंबाजोगाईचे चौघं, स्वतःची गाणी करायलोत. गिटार, हलगी, संबळ अन् एक गळा. गाणी स्पॉटिफाय, यूट्यूबवर आहेत, पण ऐकणारे म्हणजे पाहुणेरावळे अन् कॉलेजातली पोरं. म्हणून १५ मिनिटांचा पॉडकास्ट काढावा म्हणतो. एका भागात एकच गाणं: ते कसं सुचलं, संबळाचा ठेका कसा बसवला, अन् शेवटी अख्खं गाणं.

खरी अडचण आवाजाची. खोली पत्र्याची. गोधड्या टांगून घुमणं कमी झालं, पण पंखा लावला की कंडेन्सर माइकात (बारीकसारीक आवाजही पकडणाऱ्या) तोच गातो अन् बंद केला की आम्ही भाजतो. डायनॅमिक माइक (जवळचाच आवाज जास्त धरणारा) घ्यावा का? अन् बोलण्यामागून हलगी आली की ऐकणारा दचकतो. ऑडासिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) ही पातळी कशी जुळवता?

दुसरं, आमची गाणी स्पॉटिफाय, यूट्यूबवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडून कंटेंट आयडी (गाणं कुठं वापरलं ते ओळखणारी यूट्यूबची सिस्टीम) चालू आहे. भाग यूट्यूबवर टाकला तर आमच्याच गाण्यावर आम्हालाच कॉपीराइटचा क्लेम येईल ना? चॅनल आधीच व्हाइटलिस्ट (म्हणजे क्लेममधून वगळून) करून घेतलंय का कुणी?

पहिला भाग १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी टाकायचाय. बोली आपलीच राहणार, तेवढ्यावर सल्ला नको राव!