मदत हवी आहे: पद्मिनीच्या फ्लोअरला ६ मिमी फोम की १०?

गाडी प्रीमियर पद्मिनी, एसी नाही, बजेट दहा हजार. गिअरबॉक्सच्या बोगद्याजवळ (फ्लोअरच्या मधल्या उंचवट्याजवळ) पाय भाजतात, ताशी ६० च्या पुढे पत्रा घुमतो. आधी स्वस्तातली डांबरी शीट चिकटवली होती. एप्रिलच्या उन्हात पाघळून कार्पेटला काळं लागलं, वास वेगळाच. ती खरवडून, गंज काढून इपॉक्सी प्रायमर मारलाय. सायलेन्सरची गळती, फायरवॉलची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याची) ग्रोमेट्स, म्हणजे वायरींच्या भोकांतली रबरं, तपासून झाली. २ मिमी ब्यूटाइल (पत्र्याला चिकटवायचं रबर) दारांच्या, छताच्या तीसेक टक्के भागावर लावलं तरी पुरतं, पण ते थरथरीवरचं औषध, उष्णतेवरचं नाही. म्हणून फ्लोअरवर एसीच्या डक्टला लावतात तो काळा नायट्राइल फोम टाकणार आहे. जूट फेल्ट सुचवू नका, पावसाळ्यात पाणी धरून ठेवतं. १० मिमी टाकला तर पेडलखाली कार्पेट अडेल का? आणि पुण्यात नाना पेठेत हा फोम मीटरवर सुटा मिळतो का?